सॉलिसिटरचं बिल : सांगितलेला आकडा आणि भरलेला आकडा

मागच्या वेळी आपण इंग्लंडमध्ये घरासाठी कर्ज कसं मिळतं ते पाहिलं. आज सॉलिसिटरच्या बिलाकडे वळू.

सुरुवातीला एक आकडा सांगितला जातो. आपण तोच एकूण खर्च समजतो, आणि इथेच चुकतो. बहुतेक वेळा ती फक्त मूळ कामाची फी असते. त्यावर 20 टक्के व्हॅट. शिवाय कौन्सिलकडच्या चौकशा, लँड रजिस्ट्रीची नोंदणी, हे दुसऱ्यांना द्यायचे पैसे. ते टळत नाहीत, पण अंदाज आधी मिळतो.

खरा धक्का बसतो तो पुढच्या ओळींनी. फ्लॅट लीजहोल्ड आहे? जादा. पुण्याहून आईवडिलांनी डिपॉझिटला पैसे दिले? ते कुठून आले याची तपासणी, तीही जादा. बँकेतून रक्कम पाठवण्याचा आकार लावतात, त्यातही कधी बँकेचा वाटा थोडा आणि फर्मचाच जास्त असतो.

आणि हे कळतं कधी? किल्ली मिळायच्या तोंडावर. तेव्हा वाद कोण घालणार? आपण मुकाट्याने भरतो.

म्हणून बोलायचं ते पहिल्याच दिवशी. डिसेंबर 2018 पासून तिथल्या फर्मना हे दर जाहीर करावेच लागतात. ते आधी वाचू. आपली सगळी परिस्थिती सांगू आणि लेखी विचारू, "यात काय धरलेलं नाही?"

तरीही न सांगितलेली रक्कम लागली, तर आधी फर्मकडे लेखी तक्रार. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, तर लीगल ऑम्बड्समन. तिथे आपल्याला फी पडत नाही.