नटगामणी तालपुट आणि आपला युवक

पालि भाषेत 'गामणी' हा शब्द गावच्या प्रमुखापुरता मर्यादित नाही. संयुत्त निकायात तालपुट नावाचा नटगामणी, म्हणजे नटांच्या मेळ्याचा नायक, भगवंतांकडे येतो. लोकांना हसविणारा नट मृत्यूनंतर हसणाऱ्या देवांत जन्मतो, हे खरे काय, असे तो विचारतो. भगवंत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की, रागद्वेषमोहांनी आधीच बांधलेल्या लोकांपुढे तेच विकार वाढविणारे खेळ करणे हे दुर्गतीचे कारण होय. तालपुट रडू लागतो, पण या उत्तरामुळे नव्हे. जुन्या नटाचार्यांनी आपल्याला दीर्घकाळ फसविले, म्हणून. पुढे तो भिक्षू झाला. त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत.

यावरून धम्माला कलेचे वावडे आहे, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो आम्हांस मान्य नाही. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख वीणेवर गातो, आणि तार व गीत यांचा मेळ जमल्याबद्दल भगवंत त्याची प्रशंसा करतात. प्रश्न कला काय चेतविते, हा आहे.

आंबेडकरी जलशाने हाच प्रश्न सोडविला. साचा तमाशाचा, आशय मात्र शिक्षणाचा व स्वाभिमानाचा. भीमराव कर्डक यांचा जलसा नाशिक जिल्हा युवक संघाचा होता, हे विसरू नये. त्यांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हा ग्रंथ लिहिला; तो प्रत्येक विहारात असावा.

बुलढाणा जिल्ह्याची भूमी या कार्यास परकी नाही. महात्मा फुले यांचे चरित्र १९२७ साली लिहिणारे पंढरीनाथ पाटील चिखलीचेच. वर्षावासात गावोगावी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पण वाचणारे बहुधा वडीलधारे, आणि तरुणांच्या वाट्याला येते ती १४ एप्रिलची मिरवणूक. वर्षातून एक दिवसाचे नेतृत्व, तेही ध्वनिवर्धकाच्या गजरात! त्याऐवजी वाचलेल्या भागाचे संवाद व गीते मुलामुलींनीच रचावीत. हिशेब आणि दिग्दर्शन मुलींकडेही असावे. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी असते, म्हणून प्रयोग ती आटोपल्यावर ठेवावा.

अशा मेळ्याचा नायक कोणास करावे? अंगुत्तर निकायात आळवीचा हत्थक पाचशे उपासकांना कसे एकत्र ठेवतो, हे सांगतो : दान, प्रिय वचन, अर्थचर्या आणि समानात्मता. गोड गळ्याच्या मुलास पहिली तीन साधतील. चौथी कठीण. मुख्य भूमिका करणाऱ्यानेच प्रयोगानंतर सतरंज्या उचलाव्यात, आणि ते कोणी त्याला सांगावे लागू नये.