डी ड्राइव्ह हलवायचा दिवस

सकाळी ९. आज गायक नाही, वादक नाही. डी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की रेकॉर्डिंग बंद, हा आमच्या स्टुडिओचा नियम. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका मोनो ट्रॅकचं एक मिनिट साडेआठ एमबीच्या थोडं वर जातं. पाच मिनिटांचा अभंग, पखवाज, टाळ, हार्मोनियम, कोरस मिळून २४ ट्रॅक, की झाला एक जीबी. रीटेक वेगळे, आणि तीन टेकवर समाधान मानणारा गायक मला अजून भेटायचाय.

९.३०. नवी एसएसडी. असिस्टंट समोरच्या पोर्टला लावायला निघाला. ते यूएसबी २. तिथून सहाशे जीबी उतरायला चार-पाच तास सहज लागतील. मागच्या निळ्या पोर्टला दोन तासांच्या आत. फॉरमॅट एनटीएफएस, कारण इथे सगळं विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांशीही देवघेव असेल तर एक्सफॅट बरं, पण चालू कामात केबल निसटली तर ते जास्त दगा देतं.

१०. आता खरं काम, आणि खरा कंटाळा. क्युबेस या आमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतोच. ती नुसती पत्त्यांची वही. कुठला तुकडा कुठल्या फोल्डरमधून, कितव्या सेकंदापासून वाजवायचा, आवाजाबद्दल एवढंच तिला ठाऊक. कुणी तानपुऱ्याचा लूप पेनड्राइव्हवरून थेट ओढलेला असतो, कुणी डाउनलोड्समधून. म्हणून एकेक प्रोजेक्ट उघडायचा आणि मीडिया मेनूतलं ‘प्रिपेअर आर्काइव्ह’ चालवायचं. बाहेर राहिलेल्या ऑडिओ फाइल ते प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणून ठेवतं. मग सेव्ह, बंद, पुढचा.

“दादा, नव्या ड्राइव्हलाही डी हेच अक्षर देणार ना आपण? मग पत्ते तसेच राहतील. हा खटाटोप कशाला?”

प्रश्न रास्त आहे. पण अक्षर सांभाळलं तर डीवरचे पत्ते शाबूत राहतात, पेनड्राइव्हचे नाहीत. शिवाय उद्या हेच गाणं मिक्सिंगला दुसऱ्या स्टुडिओत गेलं, तर तिथे आपलं अक्षर काय कामाचं?

‘बॅक अप प्रोजेक्ट’ हाही मार्ग आहे. त्यात ऑडिओ फाइल लहान करायचा पर्याय मिळतो, त्याला मी हात लावत नाही. वापरलेला तुकडा ठेवून तो बाकीचं सोडून देतो. अंतऱ्याआधीचा श्वास नंतर हवा झाला, तर आणायचा कुठून?

दुपारी १. रोबोकॉपी सुरू. माऊसने ओढूनही कॉपी होते, पण वाटेत अडकली तर काय गेलं नि काय राहिलं ते शोधत बसावं लागतं. रोबोकॉपी पुन्हा चालवलं की झालेल्या फाइल सोडून उरलेल्या नेतं. विंडोजमध्ये ते आधीपासूनच असतं. आम्ही डबे उघडले.

३.३०. कॉपी संपली, आता तपासणी. जुनी ड्राइव्ह जोडलेली ठेवूनच ‘सगळं नीट आहे’ म्हणणारे पुष्कळ. जुनी जागेवर असेल तर प्रोग्रॅम गुपचूप तिथूनच आवाज उचलू शकतो, आणि तपासणी फोल ठरते. म्हणून मशीन बंद केलं, जुन्या हार्ड डिस्कची केबल काढली, मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवीला डी दिलं. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरच्या लायब्ररीही याच ड्राइव्हवर. मार्ग तोच राहिल्यामुळे त्यांनी कुरकुर केली नाही. अक्षर बदललं असतं तर त्या सांभाळणाऱ्या नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये जाऊन प्रत्येकीची नवी जागा दाखवावी लागली असती.

४. आता ऐकायचं. नुसता प्रोजेक्ट उघडला म्हणजे झालं, असं नाही. सुरुवात, मधला आलाप, शेवटची तिहाई, आणि म्यूट करून ठेवलेले ट्रॅकसुद्धा. हरवलेली फाइल बहुतेक वेळा तिथेच निघते, कारण ते ट्रॅक कुणी ऐकतच नाही.

संध्याकाळी ६.३०. गायकाचा फोन: “उद्या येऊ ना?” या म्हटलं.

जुनी डिस्क तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. महिनाभर तरी ती पुसायची नाही, आणि नव्या ड्राइव्हची आणखी एक प्रत झाल्याशिवाय तर मुळीच नाही. तुम्हीही पुसू नका.