सहा जणी आणि एक न कळणारी भाषा

एक बाई बोलतेय. आवाजाचे चढउतार ओळखीचे, मधले थांबेही ओळखीचे, तरी एक शब्द कळत नाही. अरबी असावं असं वाटतं तोवर फ्रेंच ऐकू येतं, लगेच चिनी. हा आवाज कुणा एकीचा नाहीच. अमेरिकी इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश बोलणाऱ्या सहा जणींनी इसापची वारा आणि सूर्याच्या पैजेची गोष्ट आपापल्या भाषेत वाचली. जर्मनीतल्या इंगा होलुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाचनाचे सेकंदाच्या काही दशांशांएवढे तुकडे केले आणि वेगळ्या क्रमाने सांधले. बोलण्याचं सगळं ठेवलं, अर्थ तेवढा काढून घेतला. 2010 साली शोधनिबंधातून मांडलेला हा ध्वनी आज देशोदेशीच्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे, वाजतो. कशासाठी? कानाचं मशीन ते लावणाऱ्या माणसाच्या कानात खरोखर काय पोचवतंय, ते पाहण्यासाठी.

मशीन लावताना ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, मशीनच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात आणि सॉफ्टवेअर आवाज किती वाढवायचा ते ठरवतं. पण त्याच्यासमोर असतो सरासरी कान. छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण 25 मिलिमीटरची, आणि प्रत्येकाची रुंदी, वळण, पोकळी निराळी. शिवाय हा नुसता बोगदा नाही. मोकळा कान 2,700 हर्ट्झच्या आसपासचे आवाज स्वतःच 15 डेसिबल किंवा त्याहूनही जास्त उंचावतो. नळीत मशीनचा साचा बसवला की निसर्गाची ही देणगी हरवते आणि मशीनला आधी तेवढी भरपाई करावी लागते.

मग तिथेच जाऊन मोजायचं. कानात मळ नाही ना हे बघून ऑडिओलॉजिस्ट एक मऊ, बारीक नळी साच्याच्या कडेने आत सरकवतात, पडद्यापासून सुमारे 5 मिलिमीटरवर थांबतात. नळीच्या बाहेरच्या टोकाला मायक्रोफोन. समोरच्या स्पीकरवर ते न कळणारं बोलणं 65 डेसिबलने, म्हणजे नेहमीच्या गप्पांइतक्या आवाजात, लावतात आणि स्क्रीनवर एक रुंद पट्टा उमटतो. बोलण्यातले हळू आवाज पट्ट्याच्या तळाशी, ठसठशीत आवाज वर. मधलं अंतर सुमारे 30 डेसिबल. त्याच चित्रात त्या माणसाच्या ऐकण्याचा उंबरठा दाखवणारी रेषा असते. पट्ट्याचा जो भाग रेषेखाली बुडाला, ते आवाज त्या माणसापुरते नाहीतच. बहिरेपणासारखी न दिसणारी गोष्ट इतकी स्पष्ट दिसावी, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

साध्या शिट्टीने हे का मोजत नाहीत? पूर्वी मोजत. पण आजचं डिजिटल मशीन एकसुरी आवाजाला गोंगाट समजून दाबू शकतं. बोलणं आलं की त्याचं वागणं बदलतं. म्हणून त्याला बोलणंच द्यावं लागतं.

आणि मोजण्यावाचून गत्यंतर नाही. हशीर आझ आणि ब्रायन मूर यांनी 2007 साली तपासलेल्या कानांपैकी 64 टक्के कानांत सॉफ्टवेअरने ठरवलेली वाढ कुठल्या ना कुठल्या कंपनसंख्येला त्या कानासाठीच्या लक्ष्यापासून 10 डेसिबलहून जास्त चुकलेली होती. 4,000 हर्ट्झच्या वरचा नाजूक ‘स’ एवढ्या फरकानेही बुडू शकतो. मग ‘सात’ म्हटलेलं ‘हात’ ऐकू येतं.

त्या न कळणाऱ्या बोलण्याच्या सहा भाषांत भारतातली एकही नाही. मग मराठी कानाला हा ध्वनी चालेल? चालतो. 1994 साली डेनिस बर्न यांच्यासोबत अनेक देशांतल्या संशोधकांनी बारा भाषा तपासल्या. त्यांत मराठीची दूरची नातेवाईक सिंहलीही होती. बोलण्यातली ऊर्जा कंपनसंख्यांत कशी वाटली जाते, याचं सरासरी चित्र सगळीकडे जवळपास सारखंच निघालं.

या मोजमापाचं सगळ्यात जास्त मोल आहे ते तान्ह्या बाळांसाठी. तांब्याभर पाण्याने बादलीचा तळ जेमतेम झाकला जातो, पेला मात्र ओसंडतो. तसंच तेवढाच ध्वनी बाळाच्या चिमुकल्या नळीत कितीतरी जास्त दाब निर्माण करतो. बाळ ‘मोठं वाटतंय’ असं सांगू शकत नाही. म्हणून त्याचा कान आणि 2 घनसेंटिमीटरची कृत्रिम पोकळी यांतला दाबाचा फरक काही सेकंदांत मोजून घेतात आणि उरलेली जुळवाजुळव टेबलावरच्या त्या पोकळीत करतात. बाळ तोवर आईच्या मांडीवर झोपलं तरी चालतं. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठात तयार झालेलं, आवाज किती वाढवायचा ते सांगणारं ‘डीएसएल’ हे सूत्र मुळात मुलांसाठीच रचलेलं. मोठ्यांसाठी सिडनीच्या प्रयोगशाळेतलं ‘एनएएल’ जास्त वापरलं जातं. बाळाचा कान वाढतो, साचा बदलतो आणि प्रत्येक नव्या साच्याला मोजमाप पुन्हा करायचं.

पट्टा रेषेच्या वर आला म्हणजे आवाज ऐकू येण्याइतका झाला, एवढंच. त्याचा अर्थ लावायला मेंदूला वेळ, सराव आणि घरच्यांचा धीर लागतो. पण जे पोचलंच नाही, त्याचा सराव कसा करणार? म्हणून मशीन घ्यायला जाल तेव्हा ‘रिअल इअर मेझरमेंट’, म्हणजे कानातलं हे मोजमाप, होणार का, हे आधी विचारा. हळू आणि मोठ्या आवाजातही तपासा म्हणा. अचानक फटाका फुटला तर मशीन कुठे थांबेल, तेही बघून घ्या. शक्य असेल तर घरातलं एक माणूस बरोबर न्या. मोजमापाच्या बऱ्याच यंत्रांवर त्या न कळणाऱ्या बाईऐवजी नातीलाही बोलायला सांगता येतं, आणि तिचं बोलणं आजोबांच्या पडद्यापाशी किती पोचलं ते तिला तिथल्या तिथे दिसतं.