पुणे केंद्राचा १९५६ चा प्रयोग

रेडिओ खेड्यात नेला म्हणजे खेडे ऐकतेच असे नाही. १९५६ च्या सुरुवातीला आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने याची कसोटी घेतली. मराठी मुलखातले पाच जिल्हे आणि सुमारे १५० गावे निवडली गेली. गावोगावी श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. कल्पना मूळ कॅनडाची, तिथल्या शेतकरी मंडळांची. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे २० कार्यक्रम झाले.

महत्त्वाचा होता तो कार्यक्रमानंतरचा वेळ. मंडळी ऐकलेल्यावर चर्चा करत. त्यांच्या शंका आणि मते केंद्राकडे जात, आणि पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. श्रोता उलट बोलू शकतो, हे सार्वजनिक प्रसारणाचे खरे मर्म इथे प्रत्यक्षात आले.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरॅथ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रयोगाचे मूल्यमापन केले. तुलनेसाठी नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली गावेही तपासली. मंडळे असलेल्या गावांत माहितीची भर कितीतरी अधिक पडल्याचे दिसले. नुसता रेडिओ असलेली गावे बरीच मागे राहिली. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.