नियम कुठे सोडायचा? होर्यूजीच्या पॅगोड्याचा धडा

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता: नुसते नियम पाळून सुंदर वस्तू घडते का? आज आपण तो जपानी सुतारांना विचारू.

नारा प्रांतातल्या होर्यूजी मंदिराचा पाच मजली पॅगोडा ही जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. उंची सुमारे ३२ मीटर. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा अरुंद. पण किती? सुमारे २७ सेंटिमीटरचं एक माप धरलं, तर मजल्यांची रुंदी खालून वर २४, २१, १८, १५, १२ अशी येते. दर मजल्याला तीन वजा. सगळ्यात वरचा मजला तळाच्या निम्मा.

आता खण बघा. आपल्या वाड्यांत दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, तोच. तळमजल्याला एका बाजूला तीन खण: ७, १०, ७. त्यावर ६, ९, ६. मग ५, ८, ५. मग ४, ७, ४. प्रत्येक खणातून एकेक वजा. याच हिशेबाने पाचव्या मजल्यावर ३, ६, ३ यायला हवं. पण तिथे दोनच खण आहेत: ६ आणि ६.

बेरीज मात्र १२च. ३, ६, ३ केलं असतं, तर कडेचे खण जेमतेम ८० सेंटिमीटरचे झाले असते आणि छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी आधारांची दाटी झाली असती. सुताराने रुंदीचा नियम राखला, वाटणीचा सोडला.

पुढच्या शतकांत दोन वाशांमधलं अंतर हेच माप झालं. वर जाताना किती वासे कमी करायचे, यावर मजल्याची रुंदी ठरू लागली. १६०८च्या सुमाराच्या ‘शोमेई’ या सुतारकामाच्या ग्रंथात पॅगोड्यांसाठी वेगळा भागच आहे. क्योतोमधला तोजीचा पॅगोडा १६४४ साली पुन्हा बांधला गेला. तो सुमारे ५५ मीटर उंच, पण वर जाताना होर्यूजीइतका निमुळता होत नाही. म्हणजे हिशेब दोन्हीकडे आहे, पण डौल वेगळा.

आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो, की नियम संपतो तिथे विवेक सुरू होतो. ते अपुरं होतं, हे आता कबूल करायला हवं. कोणतं माप धरायचं, दर मजल्याला किती वजा करायचं, हे ठरवतानाच विवेक लागतो. आणि पाचव्या मजल्यावर पोचल्यावर कोणता नियम सोडायचा, हे त्यालाच कळतं, ज्याने खालचे चार मजले नियमाने बांधलेत.