माशाच्या गळाला पाखरू

हिवाळ्यात सानपाड्याहून वाशी पुलाकडे निघालं की खाडीवर कुरव पक्ष्यांचे थवे दिसतात. कुणी गाठी-शेव भिरकावली की हवेतल्या हवेत झेलतात. वर दिसेल ते झडप घालून उचलायचं, ही समुद्रपक्ष्यांची जुनी रीत. दक्षिणेच्या खोल समुद्रात ती जिवावर बेतते.

टूना, म्हणजे आपल्या कुप्याचे थोरले भाऊबंद, धरण्यासाठी बोटी लॉंगलाइन सोडतात. शंभर किलोमीटरपर्यंत लांब दोर आणि त्याला आमिष लावलेले हजारो गळ. दोर बोटीच्या मागून पाण्यात उतरताना आमिष थोडा वेळ वरच राहतं. अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी ते गिळतो, गळ घशात रुततो आणि बुडत्या दोराबरोबर पक्षीही खाली जातो. भटका अल्बाट्रॉस वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास वीण सुरू करतो आणि दोन वर्षांत एकच अंडं घालतो. आईबापांपैकी एक गेला की घरट्यातलं पिल्लूही सहसा उपाशी मरतं. अशा हिशेबात तूट भरून निघणार कशी?

१९९१ मध्ये संशोधक नायजेल ब्रदर्स यांनी जपानी बोटींपायी दक्षिण समुद्रात वर्षाला ४४,००० अल्बाट्रॉस मरत असल्याचा अंदाज मांडला. २०११ मधल्या जागतिक आढाव्यात लॉंगलाइनवर मरणाऱ्या सर्व समुद्रपक्ष्यांचा आकडा वर्षाला किमान १,६०,००० निघाला.

उपाय मात्र स्वस्त आहेत. दोर रात्री सोडायचा, गळाजवळ वजन बांधायचं आणि बोटीमागे रंगीत फितींची दोरी फडफडत ठेवायची. ही दोरी जपानी मच्छीमारांचीच युक्ती. आमिष फुकट जात होतं म्हणून सुचलेली. नामिबियाने २०१५ मध्ये असे नियम सक्तीचे केले आणि तळाशी लॉंगलाइन टाकणाऱ्या तिथल्या बोटींवरचे पक्षिमृत्यू सुमारे ९८ टक्क्यांनी घटले.

हिंद महासागर टूना आयोगाचा भारत सदस्य आहे. आयोगाच्या २०१२ च्या ठरावाने २५ अंश दक्षिणेच्या खाली लॉंगलाइनवाल्यांना या तिन्हींपैकी दोन उपाय सक्तीचे केले. उत्तरेत अल्बाट्रॉस जवळपास नाहीत, म्हणून सक्तीही नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेच्या ‘मत्स्य वृष्टी’सारख्या जहाजांनी याच उत्तरेकडच्या पाण्यात लॉंगलाइन टाकून टूनाचा शोध घेतला आहे. इथे चर्चा होते ती गळाला लागणाऱ्या कासवांची आणि मुशींची. पण आपला समुद्र पाखरांवाचून नाही. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात आणि सेंट पॉल बेटावर वीण करणारे गुलाबी पायांचे शिअरवॉटर अरबी समुद्रात येतात, आणि हाच पक्षी ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या पाण्यात लॉंगलाइनला बळी पडत आला आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरय घरटी करतात, ते तर घरचेच.

खरी अडचण उपायांची नाही, डोळ्यांची आहे. आयोगाला निरीक्षक हवेत तेसुद्धा मोठ्या बोटींच्या फक्त ५ टक्के कामावर. उरलेल्या ९५ टक्क्यांत मेलेलं पाखरू समुद्रात परत टाकलं, तर नोंद करणार कोण?

महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. जाळ्यात अडकलेलं कासव, व्हेल शार्क किंवा डॉल्फिन जाळं कापून सोडणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो, आणि तोच किनाऱ्यावरची नोंद ठरतो. निरीक्षकाची वाट न पाहता खुद्द तांडेलालाच साक्षीदार करणारी ही सोय मला कागदी ठरावापेक्षा जास्त पटते. गळातून सोडवलेल्या सुरयाचा फोटोही त्याच खिडकीत घ्यायला काय हरकत आहे?