नोकरी सांभाळून अर्धवेळ व्यवस्थापन शिक्षण : वेळेच्या अंगाने एक विवेचन

प्रस्तावना :
१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर बँका, विमा, माहिती तंत्रज्ञान आणि उत्पादन या क्षेत्रांत व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या मनुष्यबळाची मागणी वाढली. पदवीनंतर लगेच नोकरी स्वीकारावी लागलेल्या अनेकांना पदोन्नतीच्या टप्प्यावर एम.बी.ए. किंवा तत्सम पदवीची उणीव जाणवते. नोकरी सोडून दोन वर्षे पूर्णवेळ शिकणे घरच्या जबाबदारीमुळे शक्य नसते. अशा वेळी अर्धवेळ अभ्यासक्रमाचा मार्ग समोर येतो. प्रवेशापूर्वी शुल्क, संस्थेचा लौकिक आणि पदवीची मान्यता यांची चौकशी केली जाते. परंतु आठवड्याचे किती तास द्यावे लागतील आणि ते कोठून येतील, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
एम.बी.ए. ही पदवी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ मध्ये सुरू केली. कार्यरत अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र एम.बी.ए. अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये आरंभिला. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था स्थापन केली. या विद्यापीठाने विपणन, वित्त व मनुष्यबळ या विषयांतील तीन वर्षांचे, सहा सत्रांचे अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम दीर्घकाळ चालविले. पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांच्यामुळे वर्गात नियमित न येऊ शकणाऱ्यांनाही वाट मिळाली. मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या पारंपरिक पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. सारांश, संधींची उणीव राहिलेली नाही. उणीव आहे ती वेळेची.

वेळेचे गणित :
२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे ३० तास आणि एका वर्षाचे ४० श्रेयांक होत. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचे ८० श्रेयांक धरल्यास एकूण २४०० तास होतात. यात तासिका, वाचन, स्वाध्याय, प्रकल्प व परीक्षेची तयारी हे सर्व आले. हे तास तीन वर्षांत विभागल्यास आठवड्याला सुमारे १५ तास, तर दोन वर्षांत विभागल्यास सुमारे २३ तास लागतात.

आता आठवड्याच्या १६८ तासांचा हिशेब मांडू. रोज सात तास झोप धरल्यास ४९ तास, नोकरीचे ४८ तास आणि सहा दिवसांच्या प्रवासाचे १२ तास वजा जाता ५९ तास उरतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात त्यातून १५ तास गेले की ४४ उरतात, म्हणजे दिवसाला सव्वासहा तास. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ३६ उरतात, म्हणजे दिवसाला जेमतेम पाच तास. स्नान, जेवण, घरकाम, मुलांचा अभ्यास, आजारपण आणि नातेसंबंध हे सर्व या तासांतच बसवावे लागते.

स्त्री विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कठीण होतो. भारत सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणात घरातील विनावेतन कामासाठी स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे देत असल्याचे आढळले. ही सरासरी असे काम करणाऱ्या सर्व स्त्रियांची आहे. नोकरदार स्त्रीचा आकडा काहीसा कमी असू शकेल. तरीही उरलेल्या पाच तासांतून २८९ मिनिटे वजा केली तर हाती किती उरते, हे सांगण्याची गरज नाही.

प्रस्तुत लेखिकेने स्वतःची एम.फिल. पदवी नोकरी करीत असतानाच पूर्ण केली. लेखन रात्री अकरानंतरच होत असे. पुढे सायंकालीन वर्गांना शिकविताना हाच अनुभव विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर दिसू लागला. बँकेत काम करणारी एक विद्यार्थिनी पहिल्या दोन सत्रांत वर्गात प्रथम आली आणि तिसऱ्या सत्रात येईनाशी झाली. चौकशी केली असता ती म्हणाली, "मॅडम, अभ्यास जमतो, पण सासूबाई आजारी पडल्यापासून संध्याकाळ माझी राहिली नाही." हुशारीचा येथे प्रश्नच नव्हता.

अनुभव हेच पाठ्यपुस्तक :
असे असूनही या वर्गांचे एक बलस्थान आहे. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभवाधारित अध्ययनाच्या चक्रात प्रत्यक्ष अनुभव, त्यावरील चिंतन, संकल्पनेची मांडणी आणि पुन्हा प्रयोग असे चार टप्पे आहेत. पूर्णवेळ विद्यार्थ्याला पहिला टप्पा कल्पनेने उभा करावा लागतो. अर्धवेळ विद्यार्थी तो सोबत घेऊन येतो. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस यांनी मांडलेले ईओक्यूचे सूत्र शिकविताना कारखान्याच्या भांडारात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "पुरवठादाराचा ट्रक ठरल्या दिवशी येईल याची हमी कोण देणार?" सुरक्षित साठ्याची चर्चा त्या एका प्रश्नातून सुरू झाली आणि पुस्तकाबाहेर गेली. दुसऱ्याच आठवड्यात त्याने आपल्या भांडारातील तीन वस्तूंचा साठा तपासून वर्गासमोर मांडला. शिकलेले दुसऱ्या दिवशी वापरता येणे, हा लाभ पूर्णवेळ वर्गात सहजी मिळत नाही.

उपाययोजना :
१) प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने आपल्या एका आठवड्याची तासवार नोंद करावी. पंधरा तास कागदावरच सापडत नसतील तर ते पुढेही सापडणार नाहीत.
२) पर्याय उपलब्ध असल्यास तीन वर्षांचा कालावधी निवडावा. पदवी एक वर्ष उशिरा मिळणे हे ती अर्धवट सुटण्यापेक्षा बरे.
३) परीक्षेची रजा आणि पाळीतील बदल यांविषयी वरिष्ठांशी आधीच बोलून शक्यतो लेखी संमती घ्यावी.
४) घरातील कामांची वाटणी प्रवेशाच्या दिवशीच ठरवावी, ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठरत नाही.
५) महाविद्यालयांनी मार्चअखेरीस, जेव्हा बँक व लेखा विभागांत कामाचा ताण असतो, अंतर्गत चाचण्या ठेवू नयेत. प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्याच्या कामाच्या ठिकाणातून घेऊ द्यावा, म्हणजे नोकरीचे काही तास अध्ययनाचेही होतील.
६) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार श्रेयांक पेढीत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. नोंदणीकृत संस्थांनी खंड पडलेल्या विद्यार्थ्यांना ही माहिती स्वतःहून द्यावी.

समारोप :
अर्धवेळ पदवी विद्यार्थ्याच्या नावावर निघत असली तरी तिचे तास संपूर्ण घर देत असते. त्यामुळे यश किंवा अपयश केवळ व्यक्तीच्या जिद्दीवर सोपविणे न्याय्य ठरणार नाही. विद्यार्थी, कुटुंब, आस्थापना आणि महाविद्यालय या चौघांनी वेळेचा भार वाटून घेतला तरच हे शिक्षण पूर्णत्वास जाते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीसारख्या कोणासाठी परतीची वाट खुली ठेवणे, हे अध्यापक म्हणून आपले किमान कर्तव्य आहे.